अपघात, आपघात, अकस्मात : रेल्वे कायद्यातील व्याख्या आणि उधन्याचा मराठी प्रवासी

मराठीत ‘अपघात’ म्हणजे न ठरवता, न कळत ओढवलेले संकट. गुजरातीत ‘आपघात’ म्हणजे आत्महत्या. मराठी माणूस ज्याला अपघात म्हणतो, त्याला गुजरातीत ‘अकस्मात’ म्हणतात. आणि ‘अकस्मात’ हा शब्द मराठीत एकाएकी, अवचित या अर्थाचे साधे क्रियाविशेषण आहे. एरवी ही शेजारी भाषांमधली गंमत म्हणून सोडून देता आली असती. परंतु उधना स्थानकावर, गाडीतून पडून मेलेल्या माणसाच्या भावाचा जबाब रेल्वे पोलीस लिहून घेत असताना, ही गंमत राहत नाही. सांगणारा खानदेशातला, लिहिणारा सौराष्ट्रातला किंवा चरोतरातला. सांगणारा म्हणतो, ‘माझ्या भावाचा अपघात झाला.’ ‘अ’ आणि ‘आ’ यांच्यामध्ये एका मात्रेचे अंतर आहे. रेल्वे अधिनियमाच्या कलम १२४-अ मध्ये नुकसानभरपाई नाकारण्याची जी पाच कारणे दिली आहेत, त्यांतले पहिले कारण आत्महत्या किंवा आत्महत्येचा प्रयत्न हे आहे. एका मात्रेवर आठ लाख रुपये अवलंबून राहू शकतात, ते असे.

उधना हे आज सुरत शहराचे दक्षिणेकडील उपनगर. मुंबई–अहमदाबाद मार्गावरून येथेच पूर्वेकडे एक फाटा फुटतो आणि बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव करत जळगावला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या किलिक निक्सन कंपनीच्या व्यवस्थापनाखाली ‘तापी व्हॅली रेल्वे’ म्हणून हा मार्ग उभा राहिला. बांधणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर खानदेशचा कापूस होता. पुढे त्याच रुळांवरून खानदेशची माणसे आली. उधना, पांडेसरा, लिंबायत, डिंडोली या भागांतील यंत्रमाग, साड्यांचे रंगकाम आणि छपाई यांमध्ये जे लाखो हात राबतात, त्यांतले फार मोठ्या संख्येने अहिराणी आणि मराठी बोलणारे आहेत. लग्न, पोळा, दिवाळी, अंत्यविधी या सर्वांसाठी त्यांचा रस्ता हाच. म्हणून या लोहमार्गाच्या कायद्यात कोणत्या शब्दाचा काय अर्थ आहे, हा प्रश्न आमच्याकडे केवळ वकिलांच्या चर्चेचा नाही.

पहिला शब्द ‘प्रवासी’. प्रवास करतो तो प्रवासी, असे आपण समजतो. १९८९ चा रेल्वे अधिनियम तसे मानत नाही. त्याच्या कलम २ च्या २९ व्या खंडानुसार वैध पास किंवा तिकीट घेऊन प्रवास करणारी व्यक्ती म्हणजे प्रवासी. गाडीत बसलेला विनातिकीट माणूस कायद्याच्या दृष्टीने प्रवासी नव्हेच. उलट कलम १२४-अ च्या स्पष्टीकरणाप्रमाणे, वैध फलाट तिकीट काढून पाहुण्याला निरोप देण्यासाठी आलेला आणि कोठेही न जाणारा माणूस त्या कलमापुरता ‘प्रवासी’ ठरतो. कामावर असलेला रेल्वे कर्मचारीही ठरतो. म्हणजे जाणारा प्रवासी नाही आणि राहणारा प्रवासी आहे! कायद्याची व्याख्या ही कोशातल्या अर्थाचे वर्णन नसते. ती एक कुंपण असते. कोण आत आणि कोण बाहेर, एवढेच ती सांगते.

हे कुंपण कसे सरकत गेले, हा खरा इतिहास आहे.

इंग्लंडमध्ये एक विलक्षण जुनी चाल होती. ज्या वस्तूमुळे माणसाचा मृत्यू होई, ती वस्तू किंवा तिचे मोल राजाकडे जप्त होई. मुळात ती देवाला अर्पण करायची, म्हणून लॅटिनवरून तिला ‘डिओडँड’ म्हणत. बैलगाडीच्या चाकाखाली मनुष्य मेला तर चाकाची किंमत द्यावी लागे. आगगाडी आली आणि या चालीची पंचाईत झाली, कारण आता मारणारी वस्तू हजारो पौंडांची होती. २४ डिसेंबर १८४१ रोजी सॉनिंग येथील खोदघाटात एका मालगाडीवर दरड कोसळली. मालाच्या डब्यांच्या पुढे उघड्या डब्यांत बसून नाताळासाठी घरी निघालेले बांधकाम मजूर त्यात मेले. पंचांनी त्या गाडीवर एक हजार पौंडांचा डिओडँड लावला. मात्र त्या व्यवस्थेत मजुरांच्या बायकामुलांचा हक्क कोठेच नव्हता. १८४६ मध्ये ती चाल रद्द झाली आणि त्याच वर्षी मृताच्या कुटुंबाला दाव्याचा अधिकार देणारा कायदा झाला. मुंबई–ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, त्याच्या पुढच्याच वर्षी आपल्याकडे पहिला रेल्वे कायदा आला आणि १८५५ मध्ये इंग्लंडच्याच धर्तीवर प्राणघातक अपघातांविषयीचा १३ वा अधिनियम आला. घरी निघालेले मजूर, उघडे डबे, सणाचा दिवस : उधन्याच्या वाचकाला हे चित्र परके वाटू नये.

परंतु १८५५ च्या कायद्याखाली कंपनीची चूक सिद्ध करावी लागे. सिग्नल कोणी चुकवला, रूळ का तुटला, हे मृत मजुराची विधवा कोठून सिद्ध करणार? १८९० च्या रेल्वे अधिनियमातही सुरुवातीला याला उत्तर नव्हते. १९४३ मध्ये त्यात कलम ८२-अ घातले गेले आणि चूक असो वा नसो, रेल्वे प्रशासन भरपाईस जबाबदार राहील, असे प्रथमच ठरले. फक्त अट अशी, की ‘अपघात’ असला पाहिजे. आणि अपघात म्हणजे प्रवासी गाडीची टक्कर, तिचे रुळांवरून घसरणे किंवा प्रवासी गाडीला झालेला अन्य अपघात. नीट वाचावे : अपघात गाडीला झाला पाहिजे. माणसाला झालेला पुरेसा नव्हता. गाडी सुखरूप पुढे गेली आणि दारातून एक माणूस खाली पडला, तर कायद्याच्या भाषेत काहीच घडले नाही.

ही स्थिती अर्धशतक टिकली. १९८९ च्या नव्या अधिनियमातील कलम १२४ ने तीच भाषा पुढे चालवली. आजही कलम १२३ मध्ये ‘अपघात’ या शब्दाची व्याख्या एवढीच आहे की, कलम १२४ मध्ये वर्णिलेल्या स्वरूपाचा अपघात. व्याख्या दुसऱ्या कलमाकडे बोट दाखवते आणि ते कलम गाडीकडे.

१९९४ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ ऑगस्ट १९९४ पासून कलम १२४-अ लागू झाले. ‘अपघात’ हा शब्द ताणण्याऐवजी संसदेने एक नवाच शब्दप्रयोग घडवला. इंग्रजीतला तो शब्द ‘अनटुवर्ड इन्सिडंट’. मराठी वर्तमानपत्रे त्याला कधी ‘अनुचित घटना’ म्हणतात, कधी ‘अप्रिय घटना’. दोन्ही मला पटत नाहीत. ‘अनुचित’ या शब्दात कोणाच्या तरी वर्तनाचा दोष सूचित होतो; आणि या कलमाचे मर्मच असे आहे की येथे दोष पाहायचा नाही. ‘अप्रिय’ तर हास्यास्पद. कोणाचा मृत्यू प्रिय असतो? ‘अघटित’ हा आपला जुना, घरगुती शब्द आशयाला अधिक जवळचा आहे. घडू नये ते घडले, एवढेच तो सांगतो, कोणावर ठपका ठेवत नाही. पुढे मी तोच वापरतो.

या ‘अघटिता’त काय काय येते? गाडीत किंवा स्थानकाच्या आवारात दहशतवादी कृत्य. हिंसक हल्ला, जबरी चोरी किंवा दरोडा. दंगल, गोळीबार किंवा जाळपोळ. आणि शेवटी, या सर्वांपासून वेगळ्या उपखंडात, एक छोटेसे वाक्य : प्रवासी वाहून नेणाऱ्या गाडीतून प्रवाशाचे आकस्मिक पडणे. दाव्यांच्या संख्येने पाहिले तर सारे कलम या एका वाक्यावर चालते.

मग वाद ‘पडणे’ आणि ‘मधून’ या शब्दांवर आला. गाडीत चढताना हात सुटला आणि माणूस खाली गेला, तर तो गाडीतून पडला का? रेल्वेचे म्हणणे असे की जो आत नव्हताच तो आतून पडणार कसा? केरळमधील अशाच एका प्रकरणात, प्रभाकरन विजयकुमार यांच्या दाव्यात, २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला. न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू यांनी लिहिलेल्या निकालाचा आशय असा : हा लोकोपकारी कायदा आहे, त्यातील शब्दाचे दोन अर्थ निघत असतील तर पीडिताच्या हिताचा अर्थ घ्यावा, चढताना पडणे हेही गाडीतून पडणेच आहे. व्याकरणाच्या दृष्टीने रेल्वेची बाजू अगदीच पोकळ नव्हती. पण ‘गाडीतून पडला’ असे आपण मराठीतही दोन्ही वेळी म्हणतोच. बोलीचा अर्थ येथे कोशाच्या अर्थापेक्षा न्याय्य ठरला.

दुसरा वाद दारात उभे राहण्याचा. सुरत–भुसावळ पॅसेंजरने ज्यांनी सणासुदीला प्रवास केला आहे, त्यांना दारात उभे राहणे ही हौस नसते हे सांगायला नको. जमीला प्रकरणात २०१० मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले की उघड्या दारात उभे राहणे हा फार तर निष्काळजीपणा होईल, ‘गुन्हेगारी कृत्य’ होणार नाही. आणि कलमाने भरपाई नाकारली आहे ती गुन्हेगारी कृत्यासाठी, निष्काळजीपणासाठी नव्हे. टपावरून किंवा पायरीवरून प्रवास करण्याविषयी कलम १५६ मध्ये शिक्षा आहे हे खरे. पण तेथेही शब्द मोजून घातले आहेत : रेल्वे सेवकाने मनाई केल्यानंतरही जो तसाच प्रवास चालू ठेवील तो. मनाई केलीच नसेल तर?

तिसरा आणि आमच्या लोकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा निकाल ९ मे २०१८ चा, रीना देवी प्रकरणाचा. तिकीट सापडले नाही म्हणून मृत व्यक्ती प्रवासी नव्हती असे आपोआप ठरत नाही. नुसता मृतदेह रुळांजवळ सापडला म्हणून ती प्रवासी होती असेही ठरत नाही. वारसांनी संबंधित वस्तुस्थितीचे शपथपत्र दिले की पहिला भार उतरतो आणि तो रेल्वेकडे जातो. याच निकालात ‘स्वतःला केलेली इजा’ या शब्दांचाही अर्थ लागला : त्यासाठी इजा करून घेण्याचा हेतू लागतो, बेफिकिरी पुरेशी नाही. म्हणून शपथपत्रात तिकीट कोठून, कोणी, कोणासमोर काढले, गाडीवर सोडायला कोण गेले होते, गावी कोण वाट पाहत होते, हे तपशीलाने लिहावे. आणि पंचनाम्यात खिशातील वस्तूंची यादी नीट झाली आहे की नाही, हे त्याच दिवशी पाहावे.

कुंपण सरकले, तरी बाहेर राहिलेले थोडे नाहीत. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली सोळा मजूर मेले. टाळेबंदीत ते जालन्याहून निघाले होते, भुसावळला जाऊन गावाकडची गाडी मिळेल या आशेने. थकून रुळांवर झोपले. ते प्रवासाला निघाले होते, पण ‘प्रवासी’ नव्हते. त्यांना चिरडणारी गाडी ‘प्रवासी वाहून नेणारी’ नव्हती. आणि रुळांवर असणे हा कलम १४७ खाली अनधिकृत प्रवेशाचा गुन्हा. एकाच घटनेत तिन्ही व्याख्या त्यांच्या विरुद्ध उभ्या राहिल्या. २२ जानेवारी २०२५ रोजी पाचोरा तालुक्यात परधाड्याजवळ पुष्पक एक्स्प्रेसमधील प्रवासी आग लागल्याच्या अफवेने खाली उतरले आणि शेजारच्या मार्गावरून येणाऱ्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली किमान बारा जण सापडले. हे ‘पडणे’ की ‘उतरणे’? माझ्या मते जीव वाचवण्यासाठी घेतलेली उडी स्वेच्छेची नसते आणि २००८ च्या निकालाचे सूत्र येथे लागू व्हायला हवे. पण कलमात तसा शब्द नाही, हेही तितकेच खरे.

‘चेंगराचेंगरी’ हा शब्दही नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर तेवीस माणसे गुदमरून, चिरडून मेली. ११ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरत स्थानकावर दिवाळीच्या गर्दीत एकाचा बळी गेला. उधन्याच्या फलाटांवर दिवाळी–छठच्या दिवसांत जी गर्दी लोटते ती पाहणाऱ्याला पुढचे सांगण्याची आवश्यकता नाही. दंगल, गोळीबार, जाळपोळ हे शब्द व्याख्येत आहेत. गर्दीने होणारा मृत्यू मात्र नाही. अशा वेळी सरकार जे पैसे जाहीर करते त्याला ‘सानुग्रह अनुदान’ म्हणतात. हा शब्द प्रामाणिक आहे : अनुग्रह म्हणजे कृपा. नुकसानभरपाई हा हक्क असतो, मागता येतो, नाकारल्यास अपील करता येते. अनुग्रह मागता येत नाही. वृत्तपत्रांनी हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत, एवढी अपेक्षा फार नसावी.

थोडे विषयांतर करतो. रेल्वेच्या १९७६ च्या सामान्य नियमांत काही व्याख्या फार नामी आहेत. ‘गाडी’ म्हणजे डबे जोडलेले वा न जोडलेले इंजिन किंवा स्वयंचलित वाहन, जे रुळांवरून सहजी उचलून बाजूला ठेवता येत नाही. म्हणजे चार गँगमन मिळून उचलतात ती ट्रॉली गाडी नव्हे. ‘अडथळा’ या शब्दात खुद्द गाडीचाही समावेश आहे. रुळांवर उभी असलेली गाडी मागून येणाऱ्या गाडीला धोंड्याइतकीच घातक. याउलट आपल्या ‘फाटक’ या शब्दाची गंमत पाहा. कायद्यात आहे ‘लेव्हल क्रॉसिंग’, म्हणजे रस्ता आणि रूळ एकाच पातळीवर छेदतात ती जागा. मराठीत आपण त्या जागेला तिथल्या दरवाजाचे नाव दिले आणि मग दरवाजा नसलेल्या जागेला ‘बिनफाटकाचे फाटक’ म्हणावे लागले. अशा बिनपहाऱ्याच्या फाटकावर वाहन थांबवून, गाडी येते का हे न पाहता पुढे जाणे, किंवा गाडी दिसत असूनही पुढे जाणे, याला कलम १६१ ‘निष्काळजीपणा’ म्हणते. जानेवारी २०१९ पर्यंत ब्रॉडगेजवरची अशी सर्व फाटके बंद झाली, म्हणून ही व्याख्या आता बरीचशी निरुद्योगी झाली आहे.

आता नात्यांचे शब्द. लोक दाव्यासाठी ‘वारस दाखला’ घेऊन येतात. कायदा वारस विचारत नाही, ‘अवलंबित’ विचारतो, आणि कलम १२३ मध्ये त्यांची यादी आहे. पती, पत्नी, मुलगा, मुलगी हे थेट येतात. मृत व्यक्ती अविवाहित किंवा अज्ञान असेल तर आईवडीलही. विवाहित मुलाच्या आईवडिलांना मात्र आपण पूर्णतः किंवा अंशतः त्याच्यावर अवलंबून होतो हे दाखवावे लागते. अज्ञान भाऊ, अविवाहित किंवा विधवा बहीण, विधवा सून, आधी वारलेल्या मुलाचे अज्ञान मूल यांनाही तेच. आधी वारलेल्या मुलीचे मूल असेल तर अंशतः चालत नाही. ते पूर्णतः अवलंबून असले पाहिजे. शेवटी आजी–आजोबा, पण केवळ वडिलांकडचे. हिंदी आणि गुजराती भाषकाला हा भेद दादा–नाना या शब्दांतच दिसतो. मराठीत मात्र आईची आई आणि वडिलांची आई, दोघीही आजीच. मुलाचा मुलगा नातू, मुलीचा मुलगाही नातू. आपल्या भाषेने जो भेद केला नाही, तो कायद्याने केला आहे. नातवाला वाढवणारी आईची आई, त्याच्याच मजुरीवर जगणारी, या यादीत बसत नाही. ज्या घरांत आई–बाप ऊसतोडीला किंवा सुरतेला आणि मुले आजोळी, त्या घरांत हा भेद कागदावरचा राहत नाही.

भरपाईची रक्कम मृत्यूसाठी १९९७ पासून चार लाख आणि १ जानेवारी २०१७ पासून आठ लाख रुपये आहे. अर्ज रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे घटनेपासून एका वर्षाच्या आत करायचा. उशीर झाल्यास सबळ कारण द्यावे लागते. उधन्याचा मजूर नंदुरबारजवळ पडला तर अर्ज अहमदाबादच्याच पीठाकडे करावा लागतो असे नाही; घटनेची जागाही पाहिली जाते, आणि महाराष्ट्रातही पीठे आहेत.

राहिला भाषेचा प्रश्न. अधिनियमाचे कलम ४९ सांगते की प्रत्येक स्थानकावर गाड्यांच्या वेळा आणि भाडेपत्रक हिंदी, इंग्रजी आणि ‘ज्या क्षेत्रात स्थानक आहे तेथे सर्वसाधारणपणे वापरात असलेल्या प्रादेशिक भाषेत’ लावावे. कलम ५० प्रमाणे सर्वांत खालच्या वर्गाच्या तिकिटावर वर्ग आणि स्थानकांची नावे तिकीट देण्याच्या जागी वापरात असलेल्या प्रादेशिक भाषेतही हवीत. यांत्रिकीकरणामुळे शक्य नसेल तर सरकार सूट देऊ शकते. १८९० च्या कायद्यातही देशी भाषेची अशीच तरतूद होती. येथे शब्द ‘राज्य’ नाही, ‘क्षेत्र’ आहे. ‘राजभाषा’ नाही, ‘वापरात असलेली भाषा’ आहे. १ मे १९६० ची रेषा या कलमात कोठेही ओढलेली नाही. नवापूर स्थानकाचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत आहे, आणि तेथे हिंदी, इंग्रजी, मराठी, गुजराती अशा चारही भाषांत घोषणा होतात. नवापूरला जे घडू शकते, त्याची मागणी उधन्याला करणे हा गुजरातीशी वैरभाव नाही; ते कलमातील शब्दांचे सरळ वाचन आहे, असे माझे मत आहे.

मात्र त्या कलमात काय नाही, तेही पाहावे. वेळ आणि भाडे प्रादेशिक भाषेत सांगण्याचे बंधन आहे. धोक्याची सूचना, भरपाईचा हक्क आणि एक वर्षाची मुदत त्याच भाषेत सांगण्याचे बंधन कलम ४९ मध्ये नाही. गाडी किती वाजता येईल हे खानदेशी मजुराला त्याच्या भाषेत कळावे, एवढी काळजी कायद्याने १८९० पासून वाहिली आहे. तिच्यातून पडल्यावर त्याच्या घरच्यांचे काय, हे त्यांना आजही दुसऱ्याच्या भाषेत विचारावे लागते. तोवर जबाब देताना एवढे करावे : ‘अपघात’ म्हणून थांबू नये. ‘तोल जाऊन गाडीतून खाली पडला’ असे पूर्ण वाक्य सांगावे, ते गुजरातीत ‘अकस्मात’ असेच लिहिले आहे ना हे वाचून घ्यावे, आणि मगच सही करावी.